माळावरचे जीव, जंगलाचे कायदे

१९७९ साली महाराष्ट्राने एका पक्ष्यासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर केलं. सोलापूर आणि अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) या दोन जिल्ह्यांतले मोठाले तालुके त्यात आले: उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा, कर्जत, श्रीगोंदा, नेवासा. मेळघाटचा आजचा सगळा व्याघ्र प्रकल्प त्यात तीनदा मावला असता. पक्षी होता माळढोक. इतकी जमीन त्याच्या नावावर केल्यानंतर चार दशकांनी, त्या प्रदेशात एखादी मादी दिसली तरी वर्तमानपत्रात बातमी येते.

याच काळात याच राज्यात वाघ वाढले. २००६ च्या गणनेत महाराष्ट्रात १०३ वाघ होते, २०२२ मध्ये ४४४. वन खातं तेच, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तोच आणि दोघांचं नाव त्या कायद्याच्या पहिल्याच परिशिष्टात. एक सावरला आणि दुसरा हातातून निसटला. शिकार किंवा भ्रष्टाचार एवढ्यावर ही गोष्ट उलगडत नाही. माझ्या मते कारण अधिक खोल आहे. वन्यजीव वाचवण्याची आपली सगळी हत्यारं जंगलासाठी घडवलेली आहेत. हद्द आखायची, गावं हलवायची, चराई थांबवायची, चौक्या बसवायच्या, झाडं लावायची. वाघाला हे मानवलं. जो जीव माणसाच्या शेतात, गायरानात, विजेच्या तारांखाली राहतो त्याच्यापर्यंत ही हत्यारं पोचत नाहीत, आणि पोचली तर काही वेळा त्यालाच लागतात. माळढोक, तणमोर, गिधाड, लांडगा यांचा आढावा घेताना हे वारंवार समोर येतं.

आधी माळाबद्दल. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला दख्खन म्हणजे पाच-सहाशे मिलिमीटर पावसाचा, मुरमाड, उथळ मातीचा मुलूख. तिथे दाट झाडी नाही याचं कारण कुणी ती तोडली एवढंच नसतं. बऱ्याच ठिकाणी तिथलं मूळ रूपच गवताचं आहे. कुसळी, पवन्या, मारवेल, शेडा, मधूनमधून तरवड, बोरी, हिवर. जूनच्या पावसाने हिरवं होणारं आणि दिवाळीनंतर पिवळं पडणारं हे गवत नाकतोड्यांना, पाली-सरड्यांना, उंदरांना पोसतं. त्यांच्यावर खोकड, भोवत्या, धाविक, चंडोल जगतात. काळवीट गवतावर जगतं आणि लांडगा काळविटावर. धनगरांच्या मेंढ्याही याच गवतावर शतकानुशतकं चरत आल्या आहेत.

सरकारी कागदावर मात्र ही जमीन पडीक असते. केंद्र सरकार पडीक जमिनींचे नकाशे प्रसिद्ध करतं, त्यात देशातल्या गवताळ प्रदेशांचा फार मोठा भाग येतो. एकदा पडीक म्हटलं की ती कशाला तरी लावणं हे पुण्यकर्म ठरतं: औद्योगिक वसाहत, पाझर तलाव, सौर प्रकल्प आणि सगळ्यात निरागस वाटणारी गोष्ट म्हणजे वृक्षारोपण. वन खात्याच्या ताब्यातला माळ म्हणजे बिघडलेलं जंगल अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, म्हणून नीलगिरी, सुबाभूळ, गिरिपुष्प लावून तो सुधारला गेला. कर्नाटकातलं राणेबेन्नूर हे याचं नेमकं उदाहरण. तिथे काळवीट आणि माळढोक होते. नीलगिरीची लागवड झाली. काळवीट टिकले, माळढोक गेला. आपल्याकडच्या कोट्यवधी झाडांच्या मोहिमांचे खड्डेही पुष्कळदा माळावरच पडतात, कारण मोकळी जागा तिथेच दिसते. ज्यांनी ते श्रमदान केलं त्यांच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण माळढोकाला झाडी म्हणजे भिंत. उभा राहून चारी बाजूंना दूरवर नजर टाकणं हेच त्याचं संरक्षण, आणि झाडांमागे दबा धरून येणाऱ्या शत्रूपुढे त्याचं काही चालत नाही.

हा पक्षी आहे तरी कसा? मीटरभर उंच, नराचं वजन दहा-बारा किलोपर्यंत आणि कधी त्याहून जास्त. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक. पावसाळ्यात नर उघड्या माळावर उभा राहून गळ्याची पिशवी फुगवतो, शेपटी पाठीवर उलटी घेतो आणि घुमणारा खोल आवाज काढतो. अर्ध्या किलोमीटरवरून तो ऐकू येतो. मादी जमिनीवरच, घरटं म्हणण्यासारखं काही न बांधता, सहसा एकच अंडं घालते. सत्तावीस दिवसांच्या आसपास ते उबवते आणि पिल्लाला पुढे कित्येक महिने सोबत वागवते. नर यातल्या कशालाही हात लावत नाही. मादी वयात यायला तीन-चार वर्षं लागतात.

या आकड्यांत त्याचं सगळं भवितव्य आहे. वर्षाला फार तर एक अंडं, तेही उघड्यावर, कुत्री, कोल्हे, घोरपडी, डोमकावळे यांच्या तोंडाशी. अशा जातीची मदार पिल्लांच्या संख्येवर नसते. मोठे झालेले पक्षी बारा-पंधरा वर्षं जगतात यावर असते. एखाद्या वर्षी सगळी अंडी गेली तरी ती सावरू शकते. पण प्रौढ पक्षी मरू लागले की दहा वर्षांत सगळं संपतं.

पूर्वी हे मरण बंदुकीतून येई. एकोणिसाव्या शतकात दख्खनच्या पक्ष्यांच्या नोंदी करणाऱ्या कर्नल साइक्सने लिहून ठेवलंय की इथल्या एका साहेबाने हजारभर माळढोक टिपले होते. स्वातंत्र्यानंतर जीपगाड्या आल्या आणि उघड्या माळावर पाठलाग सोपा झाला. सालिम अलींनी माळढोकाला राष्ट्रीय पक्षी करावं असं सुचवलं होतं ते याच चिंतेतून. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. १९६९ मध्ये भावनगरच्या राजघराण्यातले पक्षितज्ज्ञ धर्मकुमारसिंहजी यांनी देशभरात सुमारे १,२६० माळढोक उरल्याचा अंदाज मांडला. १९७८-७९ च्या हिवाळ्यात अरबस्तानातली बडी मंडळी ससाणे घेऊन जैसलमेरकडे शिकारीला आली तेव्हा राजस्थानात लोक रस्त्यावर उतरले. त्यातून १९८० मध्ये जयपूरला या पक्षिकुळावर आंतरराष्ट्रीय परिषद झाली आणि पुढे राजस्थानने त्याला राज्यपक्षी केलं. त्या काही वर्षांत देशभर माळढोकासाठी अभयारण्यं निघाली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या असद रहमानींनी मध्य प्रदेशातलं करेरा, आंध्रातलं रोल्लापाडू आणि आपलं नान्नज इथे वर्षानुवर्षं या पक्ष्याचा अभ्यास केला.

नान्नजची गोष्ट सावकाश सांगायला हवी. सोलापूरपासून जवळच, बार्शी रस्त्यावरचं हे गाव. सत्तरच्या दशकात सोलापूरचे पक्षिप्रेमी बी. एस. कुलकर्णी यांनी इथल्या माळढोकांकडे जगाचं लक्ष वेधलं. त्याआधी १९७२ चा दुष्काळ होऊन गेला होता. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून चाऱ्यासाठी गवताची कुरणं राखली गेली, चर खणले गेले, काही वर्षं जनावरं आत सोडली नाहीत. गवत तरारलं आणि माळढोकाच्या नरांनी त्याच कुरणांत नाचाची मैदानं मांडली. पक्ष्यासाठी म्हणून त्यात काहीच केलेलं नव्हतं. आजूबाजूला कोरडवाहू शेती होती: मालदांडी ज्वारी, हरभरा, करडई, भुईमूग. पिकांत नाकतोडे आणि भुंगेरे भरपूर. माळढोक कुरणात अंडी घाली आणि शेतात पोट भरी. कुरण आणि शेत मिळून त्याचं घर होतं.

अभयारण्याची हद्द आखणाऱ्यांना हे कळलं होतं, म्हणूनच तिने एवढा मुलूख कवेत घेतला. पण त्या ८,४९६ चौरस किलोमीटरमध्ये वन खात्याच्या मालकीचा तुकडा अगदी लहान होता. उरलेली जमीन शेतकऱ्यांची, गावठाणांची, बाजारपेठांची. अभयारण्याचा शिक्का बसला आणि जमिनीच्या खरेदी-विक्रीत, उद्योगांच्या परवानग्यांत, रस्त्यांत, कालव्यांत अडचणी सुरू झाल्या. ज्याच्या शेतात उभ्या आयुष्यात माळढोक उतरला नाही त्याचीही फाईल माळढोकापायी अडली. शेतकऱ्याला या पक्ष्याबद्दल द्वेष नव्हता. तो द्वेष कागदाने पेरला. पक्ष्याला शेतात उतरू देणाऱ्या, त्याच्या अंड्याभोवती औत न चालवणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात मात्र या सगळ्यातून काहीच पडलं नाही.

मध्य प्रदेशात करेराला हीच कथा आणखी कडवट झाली. संरक्षणामुळे काळवीट वाढले, ते पिकांत घुसू लागले आणि लोकांचा राग अभयारण्यावर, म्हणजे माळढोकावर निघाला. नव्वदच्या दशकात तिथून माळढोक नाहीसा झाला. काळवीट मागे राहिले, आणि पुढे माळढोक नसलेल्या त्या अभयारण्याचा दर्जाच काढून घेण्यात आला. आपल्याकडे दीर्घ कोर्टकचेऱ्यांनंतर २०१२ च्या सुमारास अभयारण्य सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. निर्णय व्यवहाराला धरून होता. तो तीस वर्षं उशिरा झाला. मधल्या काळात उजनीचं पाणी पोचलं, ज्वारीच्या जागी ऊस आला, सोलापूर हा राज्यातला सर्वाधिक साखर कारखान्यांचा जिल्हा झाला. उसाच्या उंच, ओल्या, वर्षभर उभ्या रानात माळढोकाला पाय टाकायला जागा नाही. ऊस लावणाऱ्याला दोष कोण देईल? ज्वारीला भाव नाही आणि उसाला खात्रीचं गिऱ्हाईक आहे. माळढोकाचं भवितव्य वन खात्यापेक्षा ज्वारीच्या हमीभावाशी जास्त बांधलेलं होतं असं मी म्हणेन, आणि त्या हमीभावाच्या चर्चेत हा पक्षी एकदाही आला नाही.

मग तारा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, चहूकडचा धोका टिपायला. समोरचं त्याला फार अरुंद पट्ट्यात दिसतं. उडताना मान खाली करून जमीन न्याहाळू लागला की पुढचं दिसतच नाही. जड शरीरामुळे ऐन वेळी वळताही येत नाही. उच्च दाबाच्या वाहिन्या त्याच्या उडण्याच्याच उंचीवर असतात. भारतीय वन्यजीव संस्थेने थरच्या वाळवंटात केलेल्या अभ्यासानुसार तिथे दरवर्षी सुमारे १८ माळढोक तारांना धडकून मरत असावेत. त्या वेळी राजस्थानात एकूण सव्वाशेच्या आसपास पक्षी उरले होते. म्हणजे दर सातांमागे एक, दरवर्षी, आणि नव्याने येणारं पिल्लू मादीमागे जेमतेम एक. त्याच अभ्यासात सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरच्या टापूत सगळ्या जातींचे मिळून वर्षाला ८४,००० पक्षी तारांमुळे मरत असल्याचा अंदाज आहे. कच्छमध्ये नलियाजवळ तर अशी वेळ आली की चार माद्या उरल्या आणि नर एकही नाही. तिथलं लाला अभयारण्य दोन चौरस किलोमीटरचं आहे. आपलं आठ हजारांचं आणि त्यांचं दोनाचं. दोन्हीकडचा शेवट जवळपास सारखाच.

वन्यजीव कायद्याच्या मसुद्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते एम. के. रणजितसिंह २०१९ मध्ये याच तारांवरून सर्वोच्च न्यायालयात गेले. १९ एप्रिल २०२१ ला न्यायालयाने राजस्थान-गुजरातमधल्या माळढोकाच्या टापूत वाहिन्या शक्य तिथे जमिनीखाली न्याव्यात आणि तोवर तारांवर पक्ष्यांना दिसतील अशा तबकड्या बसवाव्यात असा आदेश दिला. टापू प्रचंड होता, नव्वद हजार चौरस किलोमीटरांहून मोठा, आणि देशातली सर्वांत चांगली सौर ऊर्जाही तिथेच. केंद्र सरकार परत न्यायालयात गेलं: उच्च दाबाच्या वाहिन्या एवढ्या अंतरावर जमिनीखाली घालणं तांत्रिकदृष्ट्या आणि खर्चाच्या दृष्टीने शक्य नाही. २१ मार्च २०२४ ला न्यायालयाने सरसकट आदेश मागे घेतला आणि कुठली वाहिनी कशी न्यायची हे ठरवायला तज्ज्ञांची समिती नेमली. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असणं हा नागरिकांचा हक्क आहे, असं प्रतिपादनही त्याच निकालात आलं.

या वादात मी डोळे झाकून कुणा एका बाजूला उभा राहू शकत नाही. कोळसा जाळायचा नसेल तर सूर्य आणि वारा हवेत. पण सौर पटलं कुठे मांडायची ही निवड आपली आहे, आणि ती निवडताना ‘पडीक’ हा शिक्का पुन्हा आड येतो. गोदामांची छतं, कालव्यांचे काठ, क्षारपड जमिनी सोडून जिवंत गवताळ रानावर पटलं मांडली जातात, कारण त्या जमिनीचा मालक सरकार असतो आणि तिथे भांडणारं कुणी नसतं. जैसलमेरकडे देवीच्या नावाने राखलेल्या ओरणांसाठी, म्हणजे सामाईक कुरणांसाठी, गावकरी महसुली नोंदीची मागणी करत पायी मोर्चे काढत आहेत. महाराष्ट्रातही मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गायरानं सौर प्रकल्पांना दिली जात आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळते हा लाभ खरा आहे. पण त्या गायरानात कुणाच्या मेंढ्या चरत होत्या आणि कोणते पक्षी अंडी घालत होते, हे विचारण्याची कुठलीच पायरी त्या प्रक्रियेत नाही.

गिधाडांची कथा यासोबत वाचावी, कारण तिथे एक जागा अशी आहे जिथे आपण योग्य ठिकाणी हात घातला. ऐंशीच्या दशकात देशात गिधाडं कोट्यवधींच्या घरात होती. गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की तासाभरात सांगाडा उरे. नव्वदच्या दशकात ती पटापट दिसेनाशी झाली. राजस्थानात भरतपूरला विभू प्रकाश यांनी ही घट प्रथम नीट मांडली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्के घसरली. साथीचा रोग असेल, अन्न कमी पडत असेल, असे तर्क चालले. २००४ मध्ये पाकिस्तानात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी गुन्हेगार शोधला: डायक्लोफेनॅक. गुरांना दुखण्यावर दिलं जाणारं हे स्वस्त औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जातं, मूत्रपिंडं निकामी करतं आणि पक्षी काही दिवसांत मरतो. शंभरातल्या एखाद्या मृत जनावरात औषध असलं तरी एवढी घट होऊ शकते, कारण एका जनावरावर गिधाडांची झुंड बसते.

मार्च २००६ मध्ये भारताने पशुवैद्यकीय वापरासाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदीचं पाऊल उचललं. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना निर्धोक औषध हाताशी होतं. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये मोठ्या मात्रेच्या कुप्या बंद झाल्या. पुढे किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकवर २०२३ मध्ये बंदी आली, त्यानंतर निमेसुलाइडवर. या वीस वर्षांच्या लढाईत अभयारण्याच्या हद्दीचा संबंध जवळजवळ नव्हता. लढाई होती औषध नियंत्रकाच्या कचेरीत, पशुवैद्यकाच्या पिशवीत आणि तालुक्याच्या औषध दुकानात. घसरण थांबली ती त्यामुळे. उरलेली गिधाडं फार थोडी आहेत आणि वाढ मंद आहे, पण कड्यावरून कोसळणं थांबलं आहे.

गिधाडं गेल्याची किंमत माणसानेही मोजली. सडकी जनावरं भटक्या कुत्र्यांनी खाल्ली, पाणवठे दूषित झाले. २०२४ मध्ये ईयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी, २००० ते २००५ या काळात गिधाडांच्या अभावी भारतात सुमारे पाच लाख जास्तीचे मानवी मृत्यू झाले असावेत असा अंदाज मांडला. मुंबईच्या पारशी समाजाचा तर मृत्यूनंतरचा विधीच गिधाडांवाचून अडला. ज्यांना पक्ष्यांचं काही सोयरसुतक नाही त्यांनीही हे वाचावं.

महाराष्ट्रात गिधाडांसाठी लोकांनीही पुष्कळ केलं. रायगडात म्हसळा-श्रीवर्धनकडे, नाशिकच्या हरसूल भागात, गडचिरोलीत औषध नसलेली जनावरं ठेवून गिधाडांना खाऊ घालण्याच्या जागा चालवल्या गेल्या. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून आणलेली गिधाडं ताडोबा आणि पेंचला मुक्कामाला आली, तिथे रुळल्यावर सोडली गेली. ताडोब्यातलं एक गिधाड राज्यामागून राज्यं ओलांडत थेट तामिळनाडूपर्यंत गेलं आणि तिथे विजेच्या धक्क्याने मेलं. औषध हटलं तरी तार आहेच.

तणमोराबद्दल थोडक्यात. माळढोकाचा हा चिमुकला भाऊबंद, पावसाळ्यात नर गवतातून दिवसभरात शेकडो वेळा उंच उड्या मारून मादीला बोलावतो. २०१७ च्या देशव्यापी पाहणीत प्रत्यक्ष नजरेला पडलेले पक्षी तीनशेच्या आत होते आणि २०२१ पासून तो जागतिक लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात आहे. विदर्भात अकोला-वाशिमच्या बाजूला तो अजून तुरळक येतो. तिथे त्याचा ठावठिकाणा सगळ्यांत चांगला ठाऊक असलेले लोक म्हणजे फासेपारधी. पिढ्यान्‌पिढ्या फासे लावून पक्षी धरणाऱ्या या समाजातले तरुण आता तणमोराच्या जागा शोधून राखण्याच्या कामात आले आहेत. शिकारबंदीने ज्यांचा धंदा गेला आणि पर्याय काही दिला गेला नाही, त्यांना त्यांच्याच विद्येवर सन्मानाने उभं करण्याची ही वाट मला फार मोलाची वाटते. वन खात्याने हे ज्ञान पगारावर घ्यायला हवं, एखाद्या प्रकल्पाच्या मुदतीपुरतं नव्हे.

सगळ्याच गोष्टी हानीच्या नाहीत. रानपिंगळा हे लहान घुबड १८८४ नंतर कुणाला सापडलं नव्हतं. ते नामशेष झालं असं धरलं जाई. १९९७ च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी दिसलं. त्याआधी त्याचा शोध भलत्याच जागी घेतला जात होता, कारण मायनर्ट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने संग्रहालयातला नमुना चोरून त्यावर खोटं ठिकाण आणि खोटी तारीख लिहिली होती. पुढे रानपिंगळा मेळघाटात सापडला, मुंबईजवळ तानसातही सापडला. तो झाडांच्या ढोलीत राहणारा आहे, म्हणजे जंगलाची हत्यारं त्याच्या कामी येतात.

लांडग्याच्या कामी ती येत नाहीत. सासवड, बारामती, सोलापूरकडचा लांडगा अभयारण्यात मावत नाही. तो मेंढ्यांच्या कळपामागे फिरतो, उसात पिल्लं घालतो आणि भटक्या कुत्र्यांच्या संगतीने रोग आणि संकर दोन्ही झेलतो. पुणे परिसरात लांडगा-कुत्र्याच्या संकरित जनावरांची नोंद झाली आहे. त्याचा खरा शेजारी धनगर. मेंढी गेल्यावर भरपाईचा अर्ज कुठे करायचा, पंचनामा कुणी करायचा, वाड्यावर असलेल्या माणसाने तालुक्याला किती खेटे घालायचे, या प्रश्नांची उत्तरं सोपी झाली तर लांडग्याचं निम्मं संरक्षण होईल. चराईबंदीचाही नव्याने विचार व्हायला हवा. अतिचराईने माळ खरवडून निघतो हे खरं, पण चराई अजिबात थांबली की गवत उंच आणि जाड माजतं, झुडपं शिरतात आणि आखूड गवतावर वावरणारे धाविक, माळटिटवी, माळढोक तिथून निघून जातात. किती मेंढ्या, कोणत्या महिन्यात, किती दिवस, हे धनगराला विचारून ठरवता येतं. कुंपण घालणं सोपं म्हणून कुंपण घातलं जातं.

लोकांना विचारून काम केलं की काय होतं याचा दाखला आपल्या किनाऱ्यावर आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. अंडी काढून विकणाऱ्या गावात पुढे कासव महोत्सव भरू लागला, घराघरांत पाहुणे उतरू लागले, पैसा गावात आला. हे काम किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत पसरलं. माळढोकाच्या वाट्याला असं गाव आलं नाही. नान्नजच्या शेतकऱ्याला ‘तुझ्या ज्वारीत माळढोक उतरला तर एकरी इतके पैसे’ असं कुणी वेळेत म्हटलं नाही.

आता शेवटची आशा पिंजऱ्यात आहे. २०१९ मध्ये केंद्र सरकार, राजस्थान सरकार आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी जैसलमेरजवळ सम इथे प्रजनन केंद्र सुरू केलं. रानातून काळजीपूर्वक उचललेली अंडी यंत्रात उबवून पिल्लं वाढवली गेली. माळढोकाच्याच कुळातल्या हौबारा पक्ष्यांवर काम करणाऱ्या अबुधाबीच्या संस्थेचा अनुभव कामी आला. पुढे रामदेवराला दुसरं केंद्र झालं. २०२३ मध्ये पिंजऱ्यात वाढलेल्या माद्यांनी अंडी घातली, ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. दोन्ही केंद्रांत मिळून आता साठाहून अधिक पक्षी आहेत. ज्या पक्ष्याला माणसाची चाहूलही सहन होत नाही त्याच्याबाबतीत हे यश असामान्य आहे, आणि तिथे रात्रंदिवस राबणाऱ्यांबद्दल माझ्या मनात निखळ आदर आहे.

पण हे पक्षी सोडायचे कुठे? चित्ता १९५२ मध्ये भारतातून नामशेष जाहीर झाला आणि २०२२ मध्ये आफ्रिकेतून कुनोला आणला गेला; त्याच्यासाठी जागा निवडताना आपल्याकडे सलग माळ किती कमी उरलाय हे सगळ्यांनी पाहिलं. माळढोकाला कुंपणाआडचा लहान तुकडा पुरत नाही. त्याला हवी कुरणांची साखळी, मधे कोरडवाहू शेती, कमी कीटकनाशकं, आवरलेली भटकी कुत्री आणि वर मोकळं आकाश. नान्नज, मार्डी, अकोलेकाटी, कारंबा या भागात वन खात्याची कुरणं अजून आहेत. त्यांत काळवीट चरतात, लांडगे फिरतात, पावसाळ्यात गवत कमरेला लागतं. गिरिपुष्पाची जुनी लागवड काढता येते. कुरणांभोवतीच्या कोणत्या वाहिन्या आधी जमिनीखाली घ्यायच्या, कोणती गायरानं सौर प्रकल्पांतून वगळायची, ज्वारी-हरभरा करणाऱ्या कोणत्या शिवारांना वर्षाकाठी किती मोबदला द्यायचा, याचा हिशेब महावितरण, महसूल, कृषी आणि वन या चार खात्यांना एका टेबलाशी बसून मांडता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही की सर्वोच्च न्यायालयाचा आदेश लागत नाही. राजस्थानातल्या केंद्रांतून महाराष्ट्रासाठी पक्षी मागण्याइतकी संख्या व्हायला अजून काही वर्षं जातील. हिशेब आज सुरू झाला तर तेवढी वर्षं या कामाला पुरतील.